एली डे ला क्रूझचं कार्ड: घ्यायचं कसं, पारखायचं कसं

'एमएलबी द शो' या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूचं कार्ड उघडलं की आधी कोपऱ्यातल्या मोठ्या आकड्यावर अंगठा ठेवायचा. मोबाइलवरच्या कम्पॅनियन अॅपमध्ये हे सहज जमतं. टीव्हीसमोर असाल तर नजर तिकडे जाऊ द्यायची नाही, एवढंच. तो आकडा म्हणजे ओव्हरऑल. बॅटिंग, वेग, फिल्डिंग, थ्रो या सगळ्यांना त्या जागेच्या गरजेप्रमाणे कमीजास्त वजन देऊन तो काढलेला असतो. दोन शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) ओव्हरऑल अगदी सारखा असला, तरी एकाने तो हातमोज्यावर कमावलेला असतो आणि दुसऱ्याने बॅटच्या ताकदीवर. तुमच्या हातात ते दोघं पूर्ण वेगळे खेळतील. म्हणून 'एमएलबी द शो'मध्ये डायमंड डायनॅस्टी खेळायला बसलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं: ओव्हरऑल सगळ्यात शेवटी बघा.

ज्यांनी हा प्रकार नुकताच सुरू केलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. आजचे आणि जुन्या काळातले खेळाडू इथे कार्डांच्या रूपात मिळतात, त्यांचा संघ बांधायचा आणि मशीनशी किंवा दुसऱ्या माणसाशी खेळायचं. खेळातलं चलन म्हणजे स्टब्स. ६५ च्या खालचं कार्ड कॉमन, ६५ ते ७४ ब्रॉन्झ, ७५ ते ७९ सिल्व्हर, ८० ते ८४ गोल्ड आणि ८५ पासून पुढे डायमंड. चालू हंगामातल्या खरोखरच्या खेळाडूंची जी मूळ कार्डं असतात ती लाइव्ह सिरीज. खेळाडू मैदानावर जसा खेळेल तसे त्या कार्डाचे आकडे दोन-तीन आठवड्यांनी वरखाली होतात, याला रोस्टर अपडेट म्हणतात.

उदाहरणाला सिनसिनाटी रेड्सचा एली डे ला क्रूझ घेऊ. 'द शो २५'च्या मुखपृष्ठावर पॉल स्कीन्स आणि गनर हेंडरसन यांच्याबरोबर तो आहे, त्यामुळे नव्या माणसाचं लक्ष पहिलं त्याच्याकडेच जातं. शिवाय पारख शिकायला याच्यासारखं कार्ड नाही. २०२४ च्या हंगामात त्याने ६७ बेस चोरले (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठणं), अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. २५ होमरन मारले. पण त्याच हंगामात तो २१८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला आणि शॉर्टस्टॉपवर त्याच्या नावावर २९ चुका लागल्या. या दोन्ही बाबतींतही तो लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. त्याचा थ्रो मात्र इतका जोरकस, की २०२३ मध्ये त्याने इनफिल्डमधून ताशी ९७.९ मैलांचा चेंडू फेकला होता. हे सगळं कार्डावर उतरतं. वेग आणि थ्रोची ताकद वरच्या टोकाला, व्हिजन खाली, फिल्डिंग मध्यम. म्हणजे आकडे डोंगरदऱ्यांसारखे, आणि ओव्हरऑल त्या सगळ्याला सपाट करून दाखवतो.

पैसे घालण्याआधी एक फुकटची चाचणी असते आणि बहुतेक जण ती करत नाहीत. लाइव्ह सिरीजच्या कार्डाचे आकडे आणि साध्या एक्झिबिशन सामन्यातल्या ताज्या रोस्टरवरचे त्या खेळाडूचे आकडे एकच असतात. स्विंगसुद्धा तोच. म्हणजे एकही स्टब न खर्चता रेड्सचा संघ घ्या, एलीला पहिल्या क्रमांकावर आणा, अडचणीची पातळी तुम्ही एरवी खेळता तीच ठेवा आणि दोन-तीन सामने खेळून बघा. सहा फूट पाच इंचांचा, लांब हातांचा माणूस आहे. त्याची बॅट फिरते कशी, आतल्या बाजूच्या चेंडूवर तुमचं बटण वेळेत पडतं की नाही, हे इथेच कळायला लागतं. स्विंग डोळ्यांना अजिबातच रुचला नाही तर पुढचा सगळा खटाटोप वाचला.

रुचला, तर कार्ड मिळवायचं. पॅक, म्हणजे आत कुठली कार्डं आहेत ते आधी न दिसणारं पाकीट, फोडून मिळेल या आशेवर राहू नका. साध्या 'द शो' पॅकची किंमत अलीकडच्या आवृत्त्यांत १,५०० स्टब्स आहे आणि डायमंड निघण्याचं प्रमाण पन्नासात एक. म्हणजे सरासरीने एका डायमंडमागे ७५,००० स्टब्स, आणि तोही कुठला ते हातात नाही. मधल्या गोल्ड-सिल्व्हर विकून थोडे परत येतात, तरी हिशेब जुळत नाही. खेळताना बक्षीस म्हणून आलेले पॅक जरूर फोडा, पण स्टब्स देऊन पॅक घेणं हा कार्ड मिळवायचा सगळ्यात महाग रस्ता आहे.

खरा रस्ता बाजाराचा. कार्डाच्या पानावर दोन किमती दिसतात: बाय नाऊ आणि सेल नाऊ. बाय नाऊ म्हणजे विकणाऱ्यांपैकी सगळ्यात स्वस्त मागणारा, सेल नाऊ म्हणजे घेणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त देणारा. या दोघांच्या मधल्या फटीत आपली ऑर्डर लावायची. समजा बाय नाऊ ११,००० आहे आणि सेल नाऊ ८,९००. आपण ९,००० ची खरेदी-ऑर्डर लावतो. ऑर्डर लावताक्षणी तेवढे स्टब्स खात्यातून बाजूला काढले जातात. रद्द केली तर पूर्णच्या पूर्ण परत येतात, दंड नाही. मग कोणीतरी घाईत 'सेल नाऊ' दाबतो आणि कार्ड आपल्याकडे येतं.

नवा माणूस हमखास घसरतो ते एकेका स्टबच्या चढाओढीत. तुम्ही ९,०००, कोणी ९,००१, तुम्ही ९,००२, असं तासभर चालतं. त्यापेक्षा एकदाच ४०-५० स्टब्स जास्त टाकून बाजूला व्हा. ही उडी इतरांना लगेच ओलांडावीशी वाटत नाही. आणि ऑर्डर लावण्याआधी त्या पानावरचे पूर्ण झालेले व्यवहार बघा. आत्ता कोणी काय मागतोय त्यापेक्षा गेल्या दिवसभरात कार्ड खरोखर कितीला गेलं, तीच खरी किंमत. एखाद्या कार्डाचा बाय नाऊ बारा हजार दिसतो आणि चोवीस तासांतले सगळे सौदे नऊ-साडेनऊला झालेले असतात. मागणाऱ्याचं काय, तो काहीही मागेल.

विक्रीवर १० टक्के कर कापला जातो, हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित याच्यावर चालतं. ९,००० ला घेतलेलं कार्ड १०,००० ला विकलं तेव्हा कुठे आपण बरोबरीत येतो. ११,००० ला विकलं तर हातात ९,९०० पडतात, म्हणजे ९०० फायदा. याचीच दुसरी बाजू मला फार उपयोगी वाटते: कार्ड विकत घेतलं असं न मानता भाड्याने आणलं असं माना. ९,००० ला आणलं, महिनाभर खेळवलं आणि भाव तोच राहून ९,००० ला विकलं, तर भाडं ९०० स्टब्स. हे लक्षात आलं की महागडं कार्ड 'चुकीचं' घेण्याची भीती निम्मी होते. मात्र ही सोय विकता येणाऱ्या कार्डांनाच आहे. प्रोग्रॅम (गेमने दिलेल्या कामांची यादी) पूर्ण करून मिळालेली पुष्कळशी कार्डं विकता येत नाहीत.

डायमंड लाइव्ह सिरीज कार्डाला खालून आधारही असतो. क्विक सेल केलं तर खेळच ठरावीक किंमत देतो: ८५ ला ३,०००, ८६ ला ३,७५०, ८७ ला ४,५००, ८८ ला ५,५००, ८९ ला ७,०००, ९० ला ८,०००, ९१ ला ९,००० आणि ९२ पासून वर १०,०००. त्यामुळे बाजारभाव यांच्या खाली जात नाही. पण सगळ्यात खालच्या पायरीवरचं डायमंड घेताना सावध. ८५ चं कार्ड रोस्टर अपडेटमध्ये ८४ झालं तर ते गोल्ड होतं आणि क्विक सेल ३,००० वरून थेट १,५०० वर येते. उलट ८४ चं ८५ होणार अशी हवा असली की लोक शेकड्याने ती कार्डं भरून ठेवतात आणि अपडेटच्या आदल्या दिवसांत भाव फुगतो. अशा फुगलेल्या भावात खेळवण्यासाठी कार्ड घेऊ नये. अपडेट होऊ द्यावा, भरलेला माल बाजारात ओतला जाऊ द्यावा, मग घ्यावं.

नवीन कार्डं आणि प्रोग्रॅम साधारणपणे पॅसिफिक वेळेने दुपारी १२ वाजता येतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा झालेले असतात. मोठं काही येणार असेल त्या रात्री लोकांना स्टब्स हवे असतात, म्हणून ते हातातली कार्डं 'सेल नाऊ' करत सुटतात. झोपण्याआधी कमी भावाच्या दोन-तीन ऑर्डरी लावून ठेवल्या तर सकाळपर्यंत एखादी भरलेली असते. भारतात राहून खेळणाऱ्याला वेळेतल्या फरकाचा झालाच तर एवढा फायदा होतो.

कार्ड हातात आलं. आता अंगठा अजून कोपऱ्यावरच ठेवून बाकीचे आकडे वाचायचे. बॅटरमध्ये मी आधी कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लागणं) आणि पॉवर (फटक्याची ताकद) बघतो, आणि दोन्ही दोनदा: उजव्या पिचरविरुद्ध (चेंडू फेकणारा) वेगळे, डाव्याविरुद्ध वेगळे. एली स्विच हिटर आहे, म्हणजे पिचर उजवा असला की हा डावखुरा उभा राहतो आणि पिचर डावा असला की उजवा. ऐकायला छान वाटतं, पण स्विच हिटरच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. कार्डावर दोन रकाने शेजारी असतात, त्यांतलं अंतर बघा. दुबळी बाजू फारच दुबळी असेल तर प्रतिस्पर्ध्याने डावा रिलीफ पिचर (सामन्यात मधेच बदलून येणारा) आणला की तुमच्या संघात एक भोक पडलं.

मग व्हिजन. पीसीआय, म्हणजे स्टिकने हलवायचं ते निशाण, त्याचा बाहेरचा घेर व्हिजनवर ठरतो आणि आतला कॉन्टॅक्टवर. व्हिजन कमी म्हणजे बाहेरचा घेर आखूड. दुसऱ्या एखाद्या बॅटरने कसाबसा फाउल केला असता असा चेंडू एलीकडून साफ सुटतो. दोन स्ट्राइक झाल्यावर हे फार जाणवतं. अडचणीची पातळी वाढेल तसा घेर आणखी आक्रसतो. त्यामुळे ऑल-स्टार पातळीवर आवडलेलं कमी व्हिजनचं कार्ड हॉल ऑफ फेमवर गेल्यावर अचानक 'बिघडतं'. कार्ड तेच असतं, त्याची मर्यादा आता दिसायला लागते. पॉवर स्विंग वापरलात तर घेर अजून लहान होतो. एलीबरोबर मी नॉर्मल स्विंगच ठेवतो, ताकद पुरेशी आहे.

क्लचचा आकडा लोक विसरतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर धावपटू असताना कॉन्टॅक्टच्या जागी क्लच लागू होतो. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर खेळवायचा बॅटर असेल तर हा आकडा कॉन्टॅक्टइतकाच महत्त्वाचा आहे. एलीला पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं असेल तर थोडा दुय्यम. डिसिप्लिनने तुमचं फारसं काही ठरत नाही, कारण चेंडू सोडायचा की मारायचा हे तुमचा अंगठा ठरवतो.

वेगाचंही तसंच आहे, आकडा एक नाही, दोन आहेत. स्पीड म्हणजे धाव, स्टीलिंग म्हणजे पिचर हलला की पहिलं पाऊल किती लवकर पडतं ते. स्पीड भरपूर आणि स्टीलिंग कमी असलेली कार्डं दुसऱ्या बेसवर केसभर अंतराने बाद होत राहतात आणि माणूस कॅचरला दोष देत बसतो. एलीकडे दोन्ही आहे, हीच त्याची खरी किंमत. बेस ऑन बॉल्स (चार बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला की तो जवळपास डबलच, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका समजा.

फिल्डिंगमध्ये रिअॅक्शन आणि थ्रोची अचूकता वेगवेगळी वाचा. थ्रो करताना बटण दाबून ठेवल्यावर जी पट्टी दिसते, तिच्यातला हिरवा भाग अचूकतेच्या आकड्याप्रमाणे मोठा-लहान होतो. ताकद कितीही असली तरी हिरवा भाग अरुंद असेल तर घाईत फेकलेला चेंडू फर्स्ट बेसच्या डोक्यावरून जातो. तीन इनिंग्जच्या कॉन्क्वेस्ट सामन्यात शॉर्टस्टॉपकडे चेंडू एक-दोनदाच येतो, तिथे हे कळत नाही. फिल्डिंग पारखायची तर नऊ इनिंग्जचे निदान पाच-सहा सामने लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कार्ड चालतं की नाही हे ठरवायचं कसं. दहा-पंधरा अॅट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) काहीही होऊ शकतं. दोन होमरन बसले की कार्ड 'अप्रतिम', दहा पाळ्यांत एकही हिट नाही की 'भंगार', ही पारख नव्हे. मी शंभर अॅट-बॅटच्या आधी मत बनवत नाही. आणि त्या शंभरात सरासरी न बघता स्विंगनंतर स्क्रीनवर जी माहिती येते ती बघतो: टायमिंग गुड होतं की लवकर की उशिरा, पीसीआय चेंडूवर होता की नाही, चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला.

साधी वही पुरते. पाच रकाने आखायचे: पिचरचा हात, चेंडूचा प्रकार, टायमिंग, पीसीआय कुठे होता, निकाल. एक ओळ अशी दिसते: 'उजवा, वरचा फास्टबॉल, उशीर, निशाण खाली, फाउल.' तीस-चाळीस ओळी झाल्या की पान स्वतःच बोलायला लागतं. वरच्या फास्टबॉलपुढे 'उशीर' पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसलं, तर त्या स्विंगशी तुमची वेळ जुळत नाहीये. टायमिंग गुड, निशाण बरोबर, आणि तरी चेंडू आउटफिल्डरच्या हातात जात असेल, तर कार्ड चांगलं आहे, नशीब फिरायची वाट बघा. टायमिंग गुड असूनही साफ चुकलेले स्विंग खूप असतील, तर व्हिजन तुम्हाला नडतंय.

पण उशीर तुमच्यामुळे होतोय की कार्डामुळे? यावर एकच उपाय मला भरवशाचा वाटतो. तुम्हाला सवय असलेलं जुनं कार्ड त्याच लाइन-अपमध्ये एलीच्या लगेच पुढे किंवा मागे ठेवा आणि दोघांची नोंद करा. टीव्ही तोच, इंटरनेट तेच, पिचर तोच, तुमची झोप झाली-न झाली तीही तीच. जुन्या कार्डालाही उशीर होत असेल तर दोष एलीचा नाही. डाव्या पिचरसमोरची नोंद सामन्यांत कमी जमते, कारण पिचर बहुतेक उजवे येतात. तेवढ्यासाठी कस्टम प्रॅक्टिसमध्ये डावा पिचर निवडून तीसेक चेंडू वेगळे खेळून घ्या.

भारतातून ऑनलाइन खेळणाऱ्यांनी इथे एक गोष्ट जपायलाच हवी. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल पिचरच्या हातातून प्लेटपर्यंत साधारण ०.४ सेकंदात येतो. अमेरिकेतल्या माणसाशी सामना लागला तर मुंबई-पुण्याहून पिंग (इंटरनेटवर संदेश जाऊन परत यायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. अशा सामन्यात जे टायमिंग दिसतं ते त्या जोडणीचं असतं, त्यावरून स्विंगची पारख होत नाही. म्हणून पारख ऑफलाइन, मशीनविरुद्ध करा, आणि रँक्ड सामन्यांची नोंद वहीत वेगळ्या पानावर ठेवा. टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, तेही एकदा बघा. तो बंद असेल तर सगळीच कार्डं 'उशिरा' खेळतात आणि माणूस निष्कारण एकामागून एक कार्डं विकत सुटतो.

क्वर्क्स, म्हणजे कार्डावरची ती छोटी चिन्हं, शेवटच्या टप्प्यावर बघायची. फास्टबॉलवर जास्त चालणारा, ब्रेकिंग बॉलवर चालणारा, दिवसा किंवा रात्री खुलणारा, असे गुण त्यांत असतात. दोन कार्डांत अगदी काट्याची टक्कर असेल तरच त्यांनी पारडं झुकवावं.

पिचरचं कार्ड पारखायची रीत वेगळी आहे. तिथे एच पर नाइन (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या हिट्स) समोरच्या बॅटरचा आतला घेर आवळतो आणि के पर नाइन (नऊ इनिंग्जमागे स्ट्राइकआउट) बाहेरचा. पण या आकड्यांच्याही आधी त्याच्याकडे कोणत्या प्रकारचे चेंडू आहेत ते वाचा. सिंकर आणि कटर एकाच वेगाच्या आसपास, उलट दिशांना वळणारे असतील तर मध्यम आकड्यांचा पिचरही माणसाविरुद्ध त्रास देतो.

शंभर ओळी भरल्या की अंगठा काढून ओव्हरऑल बघायला हरकत नाही. तोवर तीनपैकी एक निर्णय व्हायला हवा: ठेवायचं, विकायचं की कलेक्शनमध्ये टाकायचं. ठेवायचं असेल तर खेळत राहा. खेळवत गेलं की कार्ड पॅरलेल नावाच्या पाच पायऱ्या चढतं आणि प्रत्येक पायरीवर आकडे एकेकाने वाढतात. व्हिजन कमी असलेल्या एलीला ते पाच गुण बरेच उपयोगी पडतात. विकायचं असेल तर क्विक सेल चुकूनही दाबू नका. विक्री-ऑर्डर लावा, बाय नाऊच्या किंचित खाली. आणि त्याच खेळाडूचं नवं, जास्त आकड्यांचं खास कार्ड प्रोग्रॅममधून येणार असेल तर त्याआधी विका, कारण ते आल्यावर मूळ कार्ड खेळवणारे कमी होतात. तरी लाइव्ह सिरीजचा भाव पूर्ण कोसळत नाही, कारण कलेक्शन करणाऱ्यांना मूळ कार्डच लागतं.

कलेक्शनचं बटण मात्र दोनदा विचार करून दाबा. रेड्सचा संच, मग विभाग, मग नॅशनल लीग, शेवटी तीसही संघ अशी ती साखळी आहे आणि टप्प्याटप्प्यावर बक्षिसं आहेत. पण कार्ड एकदा आत लॉक झालं की कधीच विकता येत नाही, फक्त खेळवता येतं. रेड्सची इतर स्वस्त कार्डं आधी भरा, एलीला सगळ्यात शेवटी टाका. संच पूर्ण व्हायला फक्त तो एकटाच उरला असेल तेव्हा वही उघडा, डाव्या पिचरसमोरचं पान पुन्हा एकदा वाचा, आणि मग लॉक करा.